हाकललेलं

व्यंकट घरी आला तेव्हा अंगणातला टिप्या भुंकला नाही, आणि शेपूट हलवत धावलाही नाही. तो उठला, अंग झटकलं, व्यंकटच्या पायांकडे क्षणभर बघितलं आणि कुणी बोलावणं धाडल्यासारखा वेशीच्या दिशेने चालू लागला. घरात माणसांची एवढी दाटी झाली होती आणि चहाच्या कपांची एवढी पळापळ चालली होती, की कुत्रं गेलं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. चाकूर तालुक्यातल्या त्या लहानशा गावातून कॅनडाला गेलेला पहिला माणूस परत आला होता. त्याला बघायचं सोडून कुत्र्याला कोण बघत बसतो!

व्यंकटला स्वतःला मात्र एकाच माणसाला बघायचं होतं. तो गेला तेव्हा त्याची लेक राजकन्या पाळण्यात होती. पुढे ती वाढली ती फोनच्या काचेत. काचेतच तिला दात आले, काचेतच ती चालायला लागली, आणि रोज संध्याकाळी त्याच काचेला ओठ लावून ती बापाचे पापे घेई. आता अंगणवाडीत जाणारी ती पोर आईच्या, तनुजाच्या, पदराआडून एक डोळा बाहेर काढून उभी होती.

"जा की गं, पप्पा हायेत," तनुजा म्हणाली.

राजकन्या पुढे आली. व्यंकटने उकिडवं बसून हात पुढे केला. तिने तो धरला नाही. नाक जवळ नेऊन तळवा हुंगला, नीट हुंगला, आणि दोन पावलं मागे सरून ती पुन्हा पदराआड गेली. सगळे खो खो हसले. व्यंकटही हसला, पण ते हसू चेहऱ्यावर ठेवताना त्याला कष्ट पडले.

"लेकराला वळख पटाया येळ लागतो रे," त्याची आई केवळाबाई म्हणाली. "चार दिसांत मांडीवरून उतरायची न्हाई बघ."

ते चार दिवस गेले, आणखीही गेले. परत जाताना बायको आणि पोरगी बरोबर न्यायची म्हणून तो आला होता. पासपोर्ट, व्हिसा सगळं हातात होतं, तनुजाने नवी बॅगही आणून ठेवली होती. पण पोरीने एकदा, कुणी न सांगता, आपणहून मांडीवर येऊन बसावं एवढीच त्याची आस होती आणि बाकीचं सगळं त्या एका गोष्टीवर टांगून राहिलं होतं. त्याने चॉकलेटं दिली, ती तिने ओट्यावर ठेवून दिली. त्याने आणलेली केसाळ कातड्याची टोपी, कडेला रंगीत मण्यांची फुलं शिवलेली, तिने हातातसुद्धा घेतली नाही. कपाटाच्या खुंटीवर टोपी लटकली आणि येता-जाता राजकन्या तिच्याकडे बघत राहिली. व्यंकटकडे मात्र ती तसं कधी बघत नसे.

टोपी शिवली होती तिकडच्या एका म्हातारीने.

व्यंकट काम करत होता ते डेने लोकांचं, म्हणजे तिकडच्या मूळ रहिवाशांचं गाव. थोरल्या तळ्याकाठी मूठभर घरं आणि चहूकडे काळपट, टोकदार झाडांचं रान, इतकं अफाट की त्याला पलीकडची बाजू आहे यावर विश्वास बसू नये. एरवी तिथे लहान विमानाने जायचं, तळं गोठलं की मात्र बर्फावरून ट्रक येत. गावातलं एकुलतं दुकान व्यंकट आणि त्याचा साहेब चालवत, आणि पिठापासून काडतुसांपर्यंत सगळं तिथेच मिळे. माणसं कमी बोलणारी, पण मायेची होती. जेवायला बसण्याआधी पहिला घास ती विस्तवात ठेवत, गेलेल्यांसाठी. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा व्यंकटला गहिवरून आलं होतं, कारण घरी आईदेखील पितरांसाठी काढून ठेवलेल्या घासाला हात लावू देत नसे. हिवाळा लागला की गाव एकाच गोष्टीची वाट बघे. उत्तरेकडून कॅरिबूंचे कळप येत. सांबरासारखं ते जनावर, नर-मादी दोघांनाही शिंगं. त्याच्यावर वर्षभराचं खाणं, पांघरणं, लग्नं, मर्तिकं, सगळं चाले.

आणि व्यंकटचा हात लहानपणापासून राखणीवर बसलेला. हरभऱ्यात हरणं शिरली, तुरीत रोही शिरले, की हातात काठी घ्यायची, तोंडाने 'हुर्र' करायचं आणि पळत सुटायचं. पिकातलं जनावर हाकलायचं असतं. यात विचार करण्यासारखं काही असू शकतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यातली ती भर दुपार होती, पण सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता आणि बर्फ निळं पडलं होतं. त्या दिवशी राजकन्या पहिल्यांदाच फोनवर यायला नको म्हणाली होती. खेळात होती, एवढंच. व्यंकट भणभणत्या डोक्याने दुकानामागे खोकी ठेवत होता. फुटलेल्या पोत्यातलं मीठ बर्फावर सांडलेलं होतं, आणि ते चाटत एक कॅरिबूचं पिल्लू उभं होतं, एका पायाने लंगडं. "हुर्र," व्यंकट म्हणाला. पिल्लू गेलं नाही. त्याने मान वर केली, लंगडत जवळ आलं, आणि व्यंकटचा मिठाने माखलेला तळवा चाटू लागलं. जीभ गरम, खरखरीत होती. व्यंकटच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने भिंतीला टेकवलेल्या फावड्याचा दांडा उचलला आणि एक ठेवून दिला.

तरीही ते गेलं नाही. त्याने पाठीवर मारलं, पायांवर मारलं, "जा, जा" म्हणून ओरडला, मराठीतच. ते जाईना म्हणून तो मारत राहिला, आणि तो मारत होता तरी ते जाईना. एक फटका कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधोमध बसला, आणि कातडं फाटून खालचं पांढरं हाड दिसलं. गुडघे टेकल्यावरही त्याची मान व्यंकटच्या हाताकडेच वळत होती. शेवटी जे काही बर्फावर उरलं त्याकडे बघायला त्याला बराच वेळ लागला. दांड्याला केस चिकटले होते. त्याचा श्वास धुरासारखा तोंडातून येत होता, आणि पलीकडे, रस्त्याच्या कडेला, चहाची पुडी हातात घेतलेली म्हातारी उभी होती.

गाव तिला सेत्सुने म्हणे, म्हणजे आजी. ती रागावली नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने जे सांगितलं ते व्यंकटला आजही शब्दाशब्दाने आठवत होतं. बंदुकीने मारलं तर ते स्वतःला देऊन टाकतं, ती म्हणाली. काठीने मारणं म्हणजे त्याला हाकलणं. हाकललं की ते जातं, आणि एकटं जात नाही.

त्या हिवाळ्यात कळप आले नाहीत. गावातले पुरुष दूरदूर जाऊन हात हलवत परतले. व्यंकटला कुणी शब्दाने दुखावलं नाही, दुकानात येऊन माणसं डब्यातलं मटण घेऊन जात आणि पूर्वीसारखीच मान हलवून निरोप घेत. ते त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तो सुट्टीवर निघाला तेव्हा म्हातारीने ती टोपी त्याच्या हातात ठेवली. "तुझ्या मुलीला," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "हाकललेलं कधी एखादं परत येतं. आलं तर नीट ओळख."

यातलं त्याने घरी काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार?

गावात मात्र यंदा आनंदीआनंद होता. ज्वारीत रानडुकरं फिरकली नव्हती, हरभऱ्याला हरणांचं तोंड लागलं नव्हतं, माळावरच्या चिमण्यासुद्धा कुठे परागंदा झाल्या होत्या. "पोरा, तुझा पायगुण लई चांगला," त्याचा बाप रामलिंग सगळ्यांसमोर कौतुकाने म्हणाला. "तू आलास अन् रान कसं निवांत झालं बघ. औंदा राखणीला बी जावं लागंना." पारावरच्या माणसांनी माना डोलावल्या. व्यंकटने संध्याकाळी शेतात उभं राहून कान दिले. वाऱ्याने ज्वारीची पानं एकमेकांवर घासत होती, तेवढाच आवाज होता. एक किडाही बोलत नव्हता. त्याला जोराने ओरडावंसं वाटलं, पण ओरडल्यावर आणखी काय निघून जाईल या धास्तीने त्याने तोंड मिटून घेतलं.

घरची गाय पान्हा चोरू लागली. मांजर पिल्लांना तोंडात धरून शेजारी गेली. प्रत्येक वेळी तसंच घडे. जनावर आधी त्याच्या डोळ्यांत बघे, नजरेला नजर मिळे, आणि मग ते निघून जाई. भिऊन पळत नसे, सावकाश जाई. राजकन्याही तशीच जाऊ लागली होती.

येळवस तोंडावर आली. लातूरकडच्या माणसाला दिवाळी चुकली तर चालते, पण मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात जेवणं चुकत नाही. आदल्या दिवशी शेतात कडब्याची कोप, लहानशी झोपडी, उभी करायची होती, त्यासाठी कडबा न्यायचा होता. ट्रॅक्टर दारोदार झाले तरी रामलिंगने देवणी बैलांची जोडी हौसेने ठेवली होती. त्यातला पाखऱ्या व्यंकटने वासरू असताना बाटलीने दूध पाजून वाढवलेला. "मी जुंपतो गाडी," व्यंकट म्हणाला, कारण उंबऱ्यात राजकन्या बसली होती आणि एक तरी जीव आपल्याला ओळखतो हे त्याला तिला दाखवायचं होतं.

पाखऱ्याने त्याला येताना बघितलं. नजर मिळाली. बैल मागे सरला, दावं ताणलं गेलं, वेसणीतून रक्ताचा थेंब आला. "पाखऱ्या, मी हाय रे," व्यंकट हात पुढे करून म्हणाला. बैलाने डोळे पांढरे केले आणि मान अशी झटकली की नाकपुडी फाटली. रक्ताचा फवारा व्यंकटच्या तोंडावर आला. तो खारट होता.

पहिला फटका कधी मारला हे त्याला आठवत नव्हतं. काठी हातात होती, आणि ती वर जात होती, खाली येत होती. पाठीचं हाड वाजलं. बरगड्या वाजल्या. पांढऱ्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधे, कातडं उकललं आणि एका डोळ्यात रक्त उतरून तो डोळा मिटला तो मिटलाच. बैल हंबरला नाही. पुढचे गुडघे टेकून तो शेणात बसला, तरी व्यंकट मारत होता. रामलिंग धावत आला, त्याने काठी हिसकली, आणि तीच पोराच्या दंडावर, पाठीवर, गुडघ्यावर ओढली, जीव खाऊन, आई-बहिणीवरून शिव्या देत. मार खाताना व्यंकट जागचा हलला नाही. त्याला तिथून जावंसंच वाटेना.

मग त्याने उंबऱ्याकडे बघितलं. राजकन्या रडत नव्हती. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं, उठली, आणि सावकाश आत गेली.

त्या दिवशी घरात चूल पेटली ती नावाला. दुपार टळल्यावर तनुजा त्याच्या सुजलेल्या गुडघ्याला हळद लावायला बसली.

"मी पोरीला घेऊन तिकडं येत न्हाई," ती खाली बघत म्हणाली.

"बैल अंगावर आला होता, तनुजा."

"अंगावर कुठं आला वो? मागं सरत होता." तिने हळदीची वाटी खाली ठेवली. "अन् तुमी त्याला जा, जा म्हणत होता. सारखं. बांधलेलं होतं ते दाव्याला. कुठं जाईल?"

व्यंकटने गुडघ्यावरून ओघळलेली हळद बोटाने पुसली. आपण ओरडत होतो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"ती आपल्या मनानं तुमच्यापाशी आली," तनुजा उठताना म्हणाली, "तर मी बी येते. न्हाईतर तुमी एकले जावा. मला भ्या वाटायलंय तुमचं. खरं सांगते, लई भ्या वाटायलंय."

येळवसेच्या दिवशी सगळे शेजाऱ्याच्या टेम्पोतून रानात गेले. व्यंकटला धड उभं राहता येत नव्हतं, म्हणून बापाने न बोलता तीच काठी त्याच्यापुढे टाकली होती, आणि तो तिच्यावर रेलून चालत होता. ऊन छान पडलं होतं. आजूबाजूच्या प्रत्येक शेतात कोपी उभ्या होत्या, बाया ओल्या दाण्यांच्या भज्जीची पातेली उतरवत होत्या, पोरं बांधाबांधाने हुंदडत होती. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. आंबिलीचं मडकं, बाजरीचे उकडलेले उंडे, पेटवलेला दिवा, सगळं दरवर्षीसारखंच होतं. पूजा झाली. आता मडक्यातली आंबील शिंपडत पिकाला फेरा घालायचा होता. रामलिंगने मडकं उचललं आणि व्यंकटकडे न बघता म्हणाला, "तू ऱ्हा दिव्यापाशी."

तो पांडवांसमोर मांडी घालता येईल तशी घालून बसला. काठी उजव्या हाताशी कडब्याला टेकवली. बाहेरून त्याच्या आईचा आवाज आला.

"राजे, ती टोपी घाल बरं डोक्यात. आणलीय मी पिशवीत. अन् हा उंडा घेऊन पप्पाजवळ जा. एकलेच बसलेत बघ."

"ऱ्हाऊ द्या, आत्या," तनुजा सासूला म्हणाली. "तिच्या मनानं जाऊ द्या."

"आगं, कुणी ढकलायलंय का तिला? घाल गं माय, घाल. कशी गोड दिसतीस!"

राजकन्येचं उत्तर ऐकू आलं नाही. मग सगळ्यांनी मिळून येळवसेची आरोळी दिली, "ओलगे ओलगे सालम पलगे!", आणि पावलं ज्वारीत शिरली. शेजारच्या शेतांतूनही तशाच आरोळ्या उठल्या, बायांच्या, पुरुषांच्या, लेकरांच्या. त्या हळूहळू लांब गेल्या. व्यंकटने डोळे मिटून घेतले. कुणी येणार असेल तर डोळे उघडे नकोत. आपल्या डोळ्यांत बघून सगळे जातात, हे आता त्याला पाठ झालं होतं. ये, तो मनात म्हणाला. आयुष्यात त्याने देवापाशी इतकं कळवळून काही मागितलं नव्हतं.

दाराशी कडबा सळसळला.

कुणीतरी आत आलं आणि थांबलं. बारीक श्वास ऐकू येत होता. पावलं लहान होती, जमीन चाचपत टाकलेली. व्यंकट दगडासारखा बसून राहिला. मग त्याच्या मांडीवर वजन आलं, हलकं, ऊबदार, आणि एक डोकं त्याच्या छातीशी टेकलं.

त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "आलीस?" तो पुटपुटला. उत्तर आलं नाही, फक्त श्वास त्याच्या मनगटावर लागला. त्याने अगदी हलकेच डावा हात त्या डोक्यावर ठेवला. बोटांना दाट, राठ केस लागले. टोपी, त्याला वाटलं. घातली तिने. त्याचा हात टोपीवरून फिरत राहिला, मण्यांची फुलं शोधत. ती सापडेनात. कुठल्या बाजूला होती तेही आता त्याला आठवेना. हात पुढे कपाळावर आला, आणि बोटं ओली झाली. आंबील शिंपडलेली असणार, कुंकू लावलेलं असणार. ओल चिकट आणि गरम होती.

मग त्याचा तळवा चाटला गेला.

पोरं असं करतात, तो स्वतःला म्हणाला. उंड्याचं मीठ लागलं असेल हाताला. पोरं असं करतात.

त्याच वेळी दूरवरून, शेताच्या पार त्या टोकाकडून, एका लहान मुलीचा आवाज आला, स्वच्छ, खिदळणारा. "सालम पलगे!" राजकन्येचा आवाज होता. असावा. सगळ्याच शेतांत लेकरं ओरडत होती. व्यंकटने पुन्हा कान दिले, पण आता फक्त ज्वारीची पानं वाजत होती.

मांडीवरचं ओझं आणखी जवळ सरकलं.

डोळे उघडले की कळणार होतं. त्याने ते आणखी घट्ट मिटले. "जा," तो अगदी हळू आवाजात म्हणाला.

ते गेलं नाही. आणि व्यंकटचा उजवा हात, त्याला न विचारता, कडब्यावरून काठीकडे सरकू लागला.